छत्रपती संभाजीनगरात फुल टाइम एमबीए : ६० जागांच्या कॉलेजात प्रवेश घेण्याआधी हे तपासा

पदवीचा निकाल लागला की मराठवाड्यातल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. पुढे काय? स्पर्धा परीक्षा, नोकरी की एमबीए? एमबीए करायचं ठरलं तर पुण्याला जायचं की छत्रपती संभाजीनगरातच राहायचं? पुण्यात खोली, मेस आणि फी असा तिहेरी खर्च येतो. इथे कॉलेज घराजवळ असतं, पण बॅच लहान, नाव फारसं मोठं नाही आणि "प्लेसमेंट १०० टक्के" असा फ्लेक्स मात्र गेटवर लागलेला असतो.

अशा छोट्या एमबीए कोर्सबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे "आयआयएम नसेल तर एमबीए करूच नका" आणि दुसरं म्हणजे "डिग्री डिग्री असते, कुठूनही करा". ही दोन्ही मतं निर्णय घ्यायला उपयोगी पडत नाहीत. छोट्या कोर्सचा एक मोठा फायदा आहे. तिथे विद्यार्थी इतके कमी असतात की प्रत्येकाचा हिशेब लागू शकतो. शिकवतं कोण, इंटर्नशिप कुठे झाली, नोकरी कुणाला आणि किती पगाराची लागली, हे सगळं मोजता येतं. म्हणून जाहिरात बाजूला ठेवून मोजता येणाऱ्या गोष्टी विचारायच्या. त्या कोणत्या, हे एकेक करून पाहू.

छोटा कोर्स म्हणजे किती छोटा?

एमबीए हा दोन वर्षांचा, चार सेमिस्टरचा पदव्युत्तर कोर्स आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे एआयसीटीई, संस्थेला ठराविक जागांची मंजुरी देते. छोट्या संस्थेत बहुतेक वेळा ६० जागांची एकच तुकडी असते. दोन्ही वर्षं मिळून १२० विद्यार्थी होतात.

एआयसीटीईच्या निकषानुसार एमबीएसाठी २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. म्हणजे १२० विद्यार्थ्यांसाठी किमान सहा पूर्णवेळ शिक्षक लागतात. संस्थेच्या वेबसाइटवर "मँडेटरी डिस्क्लोजर" नावाचं पान असतं. त्यात शिक्षकांची नावं, पात्रता, मंजूर जागा आणि फी जाहीर करणं अपेक्षित असतं. ते पान उघडा आणि नावं मोजा. मग कॉलेजात जाऊन त्यातले किती जण प्रत्यक्ष वर्ग घेतात ते सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा. कागदावर सहा आणि वर्गात दोन असतील, तर उरलेले विषय कोण शिकवतं हा पुढचा प्रश्न.

मंजुरीचं पत्र ठराविक शैक्षणिक वर्षासाठी असतं. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचं फ्रेम केलेलं पत्र पाहून समाधान मानू नका. चालू वर्षाचं पत्र मागा. शोधताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. शहराचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदललं, त्यामुळे जुन्या कागदपत्रांत आणि याद्यांत "औरंगाबाद" असू शकतं. दोन्ही नावांनी शोधा.

पदवी कुणाची मिळणार?

शहरात हे शिक्षण वेगवेगळ्या छत्राखाली मिळतं आणि प्रवेश, फी, शिष्यवृत्ती यांचे नियम त्या छत्रावर ठरतात.

पहिला प्रकार म्हणजे विद्यापीठाचा स्वतःचा विभाग. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ ची आणि नामविस्तार १९९४ चा. विद्यापीठाच्या आवारात व्यवस्थापनशास्त्र विभाग आहे.

दुसरा प्रकार म्हणजे सरकारी विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेज. इथे शिकवतं कॉलेज, पण अंतिम पदवी विद्यापीठाची असते. कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि स्वायत्त आहे का, हे विचारा. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच ठरवतं.

तिसरा प्रकार म्हणजे खासगी विद्यापीठ. शहरात २०१९ मध्ये स्थापन झालेलं एमजीएम विद्यापीठ हे त्याचं उदाहरण. खासगी विद्यापीठ पदवी स्वतः देतं, प्रवेशाची पद्धतही स्वतःची ठेवतं.

याशिवाय पीजीडीएम हा शब्द कानावर पडेल. हा डिप्लोमा असतो आणि तो विद्यापीठ नव्हे, तर संस्था स्वतः देते. त्याला एआयसीटीईची मंजुरी असेल तर तो बेकायदा नाही. मात्र पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल, तर त्या पीजीडीएमला भारतीय विद्यापीठ संघाने एमबीएशी समकक्षता दिली आहे का, ते आधी पाहा.

नॅक आणि एनबीए यांतही गल्लत होते. नॅकचं मूल्यांकन संपूर्ण संस्थेचं असतं, एनबीएचं एका विशिष्ट कोर्सचं. इंजिनिअरिंगच्या एखाद्या शाखेला एनबीए मिळालं म्हणून त्याच आवारातल्या एमबीएला ते मिळालेलं नसतं.

प्रवेश कसा होतो?

राज्याचा सीईटी सेल एमबीए-एमएमएस सीईटी घेतो. गेल्या काही वर्षांच्या स्वरूपानुसार २०० प्रश्न आणि १५० मिनिटं असतात. लॉजिकल रिझनिंगचे ७५, ॲबस्ट्रॅक्ट रिझनिंगचे २५, गणिती क्षमतेचे ५० आणि इंग्रजीचे ५० प्रश्न येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

पात्रतेसाठी किमान तीन वर्षांची कोणत्याही शाखेची पदवी आणि ५० टक्के गुण लागतात. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गासाठी ही अट ४५ टक्के आहे. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही परीक्षा देऊ शकतात.

निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप, सुरू होते. ऑनलाइन नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, गुणवत्ता यादी, कॉलेजांचा पसंतीक्रम आणि मग फेऱ्या असा क्रम असतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही. त्यामुळे "असंच टाकून पाहू" म्हणून कोणतंही कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका. फेऱ्यांचे नियम दरवर्षी थोडे बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणं हाच खात्रीचा मार्ग.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ जातो तो जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस आणि उत्पन्नाच्या दाखल्यात. सीईटी झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा पदवीच्या शेवटच्या वर्षातच अर्ज करून ठेवा. वेळेत दाखला नसेल तर राखीव जागेवरचा हक्क जाऊ शकतो.

वर्ग एकच, पण फी वेगळी

एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोन विद्यार्थ्यांचा खर्च खूप वेगळा असू शकतो. कारण एक कॅपमधून आलेला असतो आणि दुसरा संस्था स्तरावरून.

खासगी विनाअनुदानित कॉलेजात साधारण २० टक्के जागा संस्था स्तरावर भरल्या जातात. बोलीभाषेत याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात. ६० जागांच्या कॉलेजात त्या १२ होतात. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थेत त्या समाजासाठी वेगळा कोटाही असतो. संस्था स्तरावरचा प्रवेशही नियमांना आणि गुणवत्तेला बांधलेला आहे. २०१५ च्या राज्य कायद्याने खासगी व्यावसायिक कॉलेजांसाठी प्रवेश नियामक प्राधिकरण आणि शुल्क नियामक प्राधिकरण नेमलं आहे. संलग्न कॉलेजच्या एमबीएसाठी कुणी "सीईटी नको, फक्त टोकन भरा" असं सांगत असेल, तर तिथेच सावध व्हा.

शिष्यवृत्तीचा प्रश्न इथेच येतो. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ मिळतो. या दोन्ही योजनांसाठी प्रवेश कॅपमधून झालेला असणं आवश्यक आहे. मुलींच्या योजनेतून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत.

याचा अर्थ असा. एखाद्या मुलीला कॅपच्या दुसऱ्या फेरीत जागा मिळणार होती, पण "आताच सीट पक्की करा" या दबावाखाली घरच्यांनी संस्था स्तरावर प्रवेश घेतला, तर कॉलेज तेच राहतं आणि दोन वर्षांची सवलत हातची जाते. घाई करण्याआधी हा हिशेब घरात मांडा.

अनुसूचित जाती प्रवर्गासाठी अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि त्यापुढे फ्रीशिप योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. पहिल्या वर्षी अर्ज केला म्हणजे काम संपलं असं नसतं. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करावं लागतं.

फी विचारताना कोणता आकडा मागायचा?

"वर्षाला किती?" एवढं विचारून चालत नाही. शुल्क नियामक प्राधिकरण संस्थानिहाय मंजूर फी आपल्या वेबसाइटवर टाकतं. तो आकडा आणि कॉलेजने सांगितलेला आकडा शेजारी ठेवा. फीमध्ये शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती, तेही पाहा, कारण सवलत शिक्षण शुल्कावर असते. त्यावर परीक्षा शुल्क, गणवेश, औद्योगिक सहल, "पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट" अशी वेगळी रक्कम घेतली जाते का? दोन्ही वर्षांचा एकूण खर्च लेखी मागा.

पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. राज्यात कॅपिटेशन फीला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. प्रवेश रद्द करायची वेळ आली तर तेही माहीत असू द्या. ठरलेल्या अंतिम तारखेआधी रद्द केल्यास जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत करावी, असा एआयसीटीईचा नियम आहे. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायलाही परवानगी नाही.

कर्ज घेणार असाल तर हप्ता आधी काढा. उदाहरणार्थ, चार लाख रुपये १० टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे असतील आणि शिकताना व्याज भरत गेलात, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,६४० रुपये होतो. पहिला पगार हातात २० हजार असेल तर त्याचा एक तृतीयांश भाग इथेच गेला. कर्ज वाईट नाही, पण त्याची तुलना ब्रोशरमधल्या सर्वांत मोठ्या पॅकेजशी करू नका.

"१०० टक्के प्लेसमेंट" हे गणित कसं जमतं?

समजा बॅच ६० जणांची आहे. त्यातल्या २० जणांनी प्लेसमेंटसाठी नोंदणी केली आणि २० जणांना ऑफर मिळाली. जाहिरातीत १०० टक्के लिहिता येतं. पण ६० पैकी २० म्हणजे ३३ टक्के. उरलेले ४० जण घरच्या व्यवसायात गेले, स्पर्धा परीक्षेकडे वळले की नापास झाले, हे आकड्यात दिसत नाही.

सरासरी पॅकेजचंही तसंच. दहा जणांपैकी नऊ जणांना अडीच लाख आणि एकाला १२ लाख मिळाले, तर सरासरी ३ लाख ४५ हजार निघते. प्रत्यक्षात नऊ जणांच्या हातात त्यापेक्षा कमी पडतं. म्हणून मधला पगार विचारा. सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येतो तो.

छोट्या बॅचचा फायदा इथे घ्या. मागच्या दोन बॅचची पूर्ण यादी मागा. नाव लपवलं तरी चालेल, पण कंपनी, पद, ठिकाण आणि पगार हवा. ६० ओळींची यादी द्यायला कॉलेजला अवघड नसतं. दिली नाही, तर लिंक्डइनवर कॉलेजचं नाव टाकून माजी विद्यार्थी शोधा आणि चार-पाच जणांना मेसेज करा. पगारात निश्चित रक्कम किती आणि विक्रीच्या टार्गेटवर अवलंबून किती, हेही विचारा.

शहरात नोकऱ्या कुठल्या आहेत?

कॉलेज छोटं असलं तरी या शहराचा औद्योगिक पट्टा छोटा नाही. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचं जाळं उभं राहिलं. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या कंपन्या इथूनच वाढल्या. चिकलठाणा, शेंद्रा, चितेगाव, पैठण रोड या भागांत औषध, वाहन, इलेक्ट्रिकल आणि खाद्य उद्योग आहेत. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांवर ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहते आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने बिडकीनसाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि मालवाहतूक, गोदाम या क्षेत्रांना त्याचा फायदा होणार आहे.

मात्र करार झाला म्हणजे या वर्षी भरती झाली असं नाही. कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. आणि कारखान्यात एमबीए झालेल्या नवख्याला मिळणारं काम म्हणजे खरेदी विभाग, स्टोअर, उत्पादन नियोजन, डिस्पॅच, एचआरमध्ये हजेरी आणि कंत्राटी कामगारांच्या नोंदी. कारखान्याबाहेर बँका, फायनान्स कंपन्या, विमा आणि औषध कंपन्यांमध्ये सुरुवात बहुतेक फिल्डवरच्या विक्रीने होते. हे काम कमी दर्जाचं नाही, पण "मॅनेजर" या शब्दाने डोळ्यांसमोर येतं ते हे नव्हे. एक्सेल, जीएसटीची प्राथमिक माहिती आणि न घाबरता बोलता येणारं इंग्रजी या तीन गोष्टी असल्या तर सुरुवात सोपी जाते.

त्यामुळे स्पेशलायझेशन निवडताना शहराकडे पाहा. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन या विषयांना इथे मागणीचा आधार आहे. पण छोट्या बॅचमध्ये ठराविक विद्यार्थी जमले नाहीत तर तो विषय सुरूच होत नाही. "मागच्या वर्षी कोणती स्पेशलायझेशन प्रत्यक्ष चालली?" असा प्रश्न विचारा. इंटर्नशिपचंही तेच. सहा-आठ आठवडे खरोखर कंपनीत काम झालं की ओळखीतून सर्टिफिकेट आणून रिपोर्ट जमा केला, हे माजी विद्यार्थी लगेच सांगतील. चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चर, म्हणजे सीएमआयए, आणि लघुउद्योजकांची मासिआ या इथल्या संघटना आहेत. कॉलेजचा त्यांच्याशी नियमित संबंध आहे का, तेही पाहा.

फुल टाइम खरंच फुल टाइम आहे का?

काही ठिकाणी विद्यार्थी दिवसा नोकरी करतात आणि परीक्षेपुरते कॉलेजात येतात. "हजेरीचं आम्ही बघून घेऊ" हे वाक्य ऐकायला सोयीचं वाटतं. पण तसा वर्ग असेल तर तुम्ही फी फक्त कागदाची भरता. चर्चा, केस स्टडी, प्रेझेंटेशन हे सगळं समोर माणसं असतील तरच होतं. ६० पैकी १५ जण येणाऱ्या वर्गात छोट्या बॅचचा फायदा उरत नाही.

नोकरी सोडणं शक्य नसेल, तर खोट्या फुल टाइमपेक्षा खरा दूरस्थ कोर्स बरा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू दोन्ही एमबीए देतात. दूरस्थ किंवा ऑनलाइन कोर्स घेताना त्या वर्षासाठी यूजीसीची मान्यता आहे का, तेवढं तपासा.

पुणे की इथेच?

याचं एकच उत्तर नाही. सीईटीत चांगले पर्सेंटाइल असतील आणि पुण्या-मुंबईतलं नावाजलेलं कॉलेज मिळत असेल, तर तिथे येणाऱ्या कंपन्यांची संख्या जास्त असते. पण पुण्यातलंही ६० जागांचं, फारसं माहीत नसलेलं कॉलेज मिळणार असेल, तर केवळ शहराच्या नावासाठी राहण्या-खाण्याचा खर्च वाढवण्यात अर्थ आहे का, ते पाहा. घरून शिकल्यामुळे वाचलेल्या पैशातून कर्ज टाळता आलं, तर पहिली नोकरी निवडताना मोकळीक मिळते. एक-दोन वर्षं काम करून मग एमबीए करणं हाही पर्याय आहे. कामाचा अनुभव असलेल्या विद्यार्थ्याला वर्गातल्या गोष्टी लवकर कळतात.

कॉलेज पाहायला जाताना

सुट्टीच्या दिवशी किंवा "ओपन डे"ला नको, साध्या मंगळवारी अकरा वाजता जा. आणि ही यादी मोबाइलमध्ये ठेवा.

१. चालू वर्षाचं एआयसीटीई मंजुरीपत्र आणि संलग्नता कुठे पाहायला मिळेल?
२. पूर्णवेळ शिक्षक किती आणि आता कोणता वर्ग सुरू आहे?
३. मागच्या वर्षी ६० पैकी किती जागा भरल्या आणि त्यातल्या किती कॅपमधून?
४. दोन वर्षांचा एकूण खर्च लेखी मिळेल का?
५. माझ्या प्रवर्गाला आणि उत्पन्नाला कोणती शिष्यवृत्ती लागू होते? मागच्या वर्षी ती किती जणांना मिळाली?
६. मागच्या दोन बॅचची कंपनी, पद आणि पगारासह यादी मिळेल का?
७. मागच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप कोणत्या कंपन्यांत झाली?
८. पहिल्या वर्षातून दुसऱ्या वर्षात सगळे विषय सुटून किती जण गेले?

आठपैकी सहा प्रश्नांना कागदासह उत्तर मिळालं, तर ते कॉलेज छोटं असलं तरी विचार करण्यासारखं आहे. प्रत्येक प्रश्नाला "त्याची काळजी करू नका" हेच उत्तर मिळालं, तर दुसरं कॉलेज पाहा. कॅपचा पसंतीक्रम भरायची शेवटची तारीख येईपर्यंत कुठेही पैसे भरायची सक्ती नसते. तेवढ्या दिवसांत दोन-तीन कॉलेजांना भेट देऊन हे आठ प्रश्न विचारून होतात.